सुतभर ढिलाई

आमचे इंदापूरचे घरमालक मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, कुठल्या, कोणाच्या अशी चौकशीही केली नाही. टांग्यातून आईची लाकडी खाट उतरत होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गदागदा हलवली, कान लावून ऐकली आणि म्हणाले, "मागला डावा पाय ढिला हाय. म्हातारी पडंल एखाद्या दिशी."

म्हातारी त्या वेळी बेचाळीस वर्षांची होती. खाट हलली त्यापेक्षा ती त्या शब्दानं जास्त हलली. पण संध्याकाळपर्यंत खाटेचा पाय पाचर मारून असा घट्ट झाला की पुढं आम्ही तीन घरं बदलली, तरी तो पाय तसाच राहिला. आईनं त्यांना खाटेबद्दल माफ केलं, शब्दाबद्दल कधीच नाही.

मी वाईहून नुकतीच मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आले होते. स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि बाईमाणूस गणित शिकवतं याचं इंदापुरात अजून नवल होतं. आमच्या दोन खोल्या होत्या घरमालकांच्या, म्हणजे तात्यांच्या, कारखान्याच्या मागं. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. विहिरींवरची ऑईल इंजिनं तिथं दुरुस्तीला येत. तात्या युद्धाच्या काळात आरमारात फिटर होते. त्या दिवसांतलं त्यांच्याकडं उरलं होतं ते "ऑलराइट" हा शब्द आणि चाल. पाय फाकून, तोल सांभाळत चालायचे. बाजारपेठेचा रस्ता कधी एका बाजूला कलेल याचा त्यांना भरवसा नव्हता.

गाव त्यांना तोंडावर तात्या म्हणे आणि पाठीमागं हलवेतात्या. कारण दिसेल ती वस्तू ते हलवून बघत. दार, पाळणा, रहाट, खुर्ची, सगळं. शिक्षणखात्याचे साहेब शाळा तपासायला आले तेव्हा तात्या फळ्याचं स्टँड दुरुस्त करायला आले होते. त्यांनी साहेबांना हात जोडून उठवलं, साहेबांची खुर्ची हलवली, "सुतभर हाय," म्हणाले आणि ती उचलून घेऊन गेले. साहेबांनी पुढची तपासणी उभ्यानं केली, त्यामुळं ती लवकर आटोपली. आमच्या मोठ्या बाई त्यानंतर कितीतरी दिवस तात्यांना चहा पाठवत होत्या.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला माहीत होतं. तात्यांचं सूत त्याहून फार बारीक होतं. दोन भाग जिथं जोडले जातात तिथं मधे किंचित जरी पोकळी असली, तरी त्यांच्या बोटांना ती कळायची. ती ढिलाई. आणि दांडा जोर पडल्यावर वाकला तर ती लचक. या दोन गोष्टींशी त्यांचं हाडवैर होतं. "लचक नाचात बरी, बाई, दांड्यात न्हाय," असं ते मला सांगत. मी नाचातली की दांड्यातली, कुठलीच लचक जवळून पाहिलेली नव्हती, त्यामुळं नुसती मान हलवायची.

एकदा बावड्याला एका मुलीच्या बापानं त्यांना वडीलधारे म्हणून स्थळ बघायला नेलं. तात्यांनी मुलाकडं फारसं पाहिलं नाही. घरभर फिरून आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "पोरगं बरं हाय. पन ह्या घरातल्या एका बी बिजागरीला ह्यांनी कधी तेल घातल्यालं न्हाय. आपल्या पोरीला काय घालनार?" लग्न मोडलं. मुलाचा बाप दोन वर्षं बोलत नव्हता. तिसऱ्या वर्षी त्याचं इंजिन बंद पडलं, तेव्हा निमूटपणे गाडीत घालून घेऊन आला, कारण दुसरीकडं नेऊन उपयोग नव्हता. तात्यांनी इंजिन हलवलं, त्याच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "बिजागऱ्यांस्नी घातलं का तेल?" तो म्हणाला, "व्हय." मगच इंजिनाला हात लावला.

हा माणूस होडी करत होता.

शेडच्या कोपऱ्यात एका बाकावर, जुन्या लुगड्याखाली झाकून ती ठेवलेली असे. दोन हात लांब, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, वरून रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची. पोटात बॅटऱ्या, मागं पंखा, पंख्यामागं सुकाणू. आणि एक पेटी वेगळी, तिच्यावर बटण. पेटीतून बिनतारी इशारा सुटायचा, होडीतल्या यंत्राला तो कळायचा, आणि घड्याळाची चाकं लावलेली एक चिमुकली मोटार सुकाणू वळवायची. बटण एकदा दाबलं की उजवीकडं, दोनदा दाबलं की डावीकडं, सोडलं की सरळ. यंत्राचा मालमसाला त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणला होता, लष्करानं भंगारात काढलेला.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले. पन्नाशीला आलेला माणूस, घरात मूलबाळ नाही, आणि खेळणं करतोय! ते रागावले नाहीत. त्यांनी लुगडं परत झाकलं, इतकंच.

बिनतारी यंत्र चालवायचं तर सरकारचा परवाना हवा होता, आणि अर्ज इंग्रजीत. तो भरायला ते माझ्याकडं आले. चटईवर मांडी घालून बसले. नाव, वय, पत्ता झाला. मग एक रकाना आला : कोणत्या हेतूने. मी विचारलं, "काय लिहू, तात्या? हौस?"

ते बराच वेळ चटईची काडी बोटानं दाबत राहिले. मग म्हणाले, "एका म्हातारीला दावायचं हाय, तिचं पोरगं कसं गेलं ते."

मी लेखणी खाली ठेवली.

नरसिंहपूरचा भिवा. तात्यांच्याच नादानं आरमारात गेला. दोघं एकाच छोट्या गस्तीच्या जहाजावर होते. भिवा खाली बॉयलरपाशी, तात्या सुकाणूच्या दांड्यांवर. चाक वर, सुकाणू तळाशी, आणि मधली सगळी जोडणी तात्यांच्या हातात. एका सकाळी त्यांनी पाहिलं, सुकाणूच्या खांबाला आडवा दांडा जिथं जोडला होता तिथली पिन झिजली होती. सुतभर ढिलाई. बंदरात पोचलो की बदलू, असं म्हणून त्यांनी हात पुसले. दुपारी वारं उठलं. बंदराच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंना खडक, आणि चाक फिरवलं तर सुकाणू उशिरा वळलं. जेवढी ढिलाई होती तेवढंच उशिरा. जहाज खडकावर गेलं. बाकीचे वाचले. खालून भिवा वर आला नाही, आणि त्याचं काहीच हाती लागलं नाही. चौकशी झाली, तीत दोष समुद्राचा निघाला. तात्यांना चांगल्या वर्तणुकीचा कागद मिळाला.

"म्हातारीला सांगितलं नाही तुम्ही?"

"गेलो की. दर साली जातो. संक्रांतीला लुगडं नेतो. तिथवर जातो, पान्याजवळ बसतो, तोंड उघडतो, आन दुसरंच कायतरी बोलून परत येतो." मग म्हणाले, "तोंडानं सांगाय गेलो की मी खोटं बोलनार, बाई. वारं लई व्हतं, लाट मोठी व्हती, कप्तानानं चुकवलं. समदं खरंच हाय की. पन त्याच्याआड मी लपनार. होडीला लपता येत न्हाय."

"मग दोरीनं ओढायची होडी करा. बिनतारी कशाला?"

"दोरीनं वढली तर ती म्हनंल, तूच आपटलीस. वर चाक, खाली सुकाणू, मधी फकस्त माजं काम, आसं दिसलं पायजे. आन मधी कुठंच लचक नको. एका बी जोडाला ढिलाई ऱ्हायली, तर तिला कसं कळनार की चूक पिनीचीच व्हती?"

मी अर्जात लिहिलं : शैक्षणिक प्रयोगासाठी. मला ते आजही खोटं वाटत नाही. परवाना यायला वर्ष लागलं. तोपर्यंत त्यांनी पेटीचं बटण एकदाही दाबलं नाही. कोण बघतंय, असं मी म्हणाले होते. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

हौदातल्या पाण्यात होडी शहाण्यासारखी वळायची. पण बंदराच्या तोंडाशी पाण्याला ओढ असते, म्हणून तात्यांना वाहतं पाणी हवं होतं. एका रविवारी आम्ही अंथुर्ण्याजवळ कालव्याच्या चारीवर गेलो. बैलगाडी काकी हाकत होत्या, म्हणजे तात्यांची बायको. बावड्याच्या शेतकऱ्याची मुलगी; नवऱ्यापेक्षा वितभर उंच आणि त्याच्याहून दसपट बोलकी. होडी कडब्यावर निजवली होती.

होडी पाण्यात सोडली तोच पाटकरी धावत आला. चारीला पाणी सोडणारा, बंद करणारा तो. पाण्याच्या पाळीच्या दिवसांत त्याचा रुबाब मामलेदारापेक्षा मोठा.

"कुनाला इचारून सोडली?"

तात्यांनी परवाना पुढं केला. त्यानं शिक्का पाहिला, मला वाचून दाखवायला लावला, अर्थ विचारला, नीट ऐकलं आणि म्हणाला, "ही हवेतली परवानगी झाली. पान्यातली कुठं हाय?"

मला हसू आवरेना. तात्या मात्र त्याच्याकडं कौतुकानं पाहत होते. "ऑलराइट," म्हणाले. "मानूस घट्ट हाय." मग त्यांनी चारीच्या तोंडाचं दार हलवून पाहिलं. त्याचा दांडा खिळखिळा होता. तो अर्ध्या तासात ठीकठाक करून दिला, आणि पाण्यातली परवानगी तोंडी मिळाली. पाळीवर आलेले पाच-सहा शेतकरी फडकी टाकून काठावर बसले.

पण होडी वळेना. उजवीकडं म्हटलं की अर्धीमुर्धी वळायची आणि पाण्याबरोबर काठाला जाऊन लागायची. तात्या चारीच्या काठावर पालथे झोपले, डोकं पाण्याला टेकेपर्यंत. मोटारीपासून सुकाणूपर्यंत त्यांनी सायकलच्या चाकाची आरी दांडा म्हणून लावली होती. सुकाणूवर पाण्याचा जोर आला की ढकलताना आरी मधेच धनुष्यासारखी वाकत होती. इकडं मोटार पुरती फिरली तरी तिकडं सुकाणू निम्मंच वळायचं.

"लचक हाय," असं ते म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज एखाद्या आजाऱ्याचं निदान करणाऱ्या डॉक्टरसारखा होता.

पुढलं दीड वर्ष त्या आरीशी मारामारी चालली. दोन आऱ्या शेजारी ठेवून कथलाचा डाख देऊन जोडल्या. जड झाली, मोटार कण्हायला लागली. स्टोव्हच्या पितळी नळीचे तुकडे कापून आरीला मधे तीन ठिकाणी आधार दिला. ते तीन एका रेषेत येईनात, आरी अडकायला लागली. रेषेत आणले, तर पाणी लागून लाकूड फुगलं. दर खेपेला चारी, दर खेपेला काठ. पाटकरी आता लांबूनच ओरडायचा, "वळली का वो?" आणि आमचे चेहरे बघून पुढं जायचा.

अशाच एका अपयशी रविवारी आम्ही परतत होतो. तात्या कडब्यावर बसून आरी डोळ्यांसमोर धरून बघत होते. काकींच्या हातात कासरा होता. इंदापूरच्या रस्त्याला गाडी वळवता वळवता त्या मागं न बघताच म्हणाल्या, "एक इचारू का? बैलाला ढकलून कुनी वळवतं व्हय? डावीकडं जायाचं तर डावा कासरा वढायचा, उजवीकडं तर उजवा. वढल्यालं कधी वाकतं का? तुमच्या आरमारात येवडं बी शिकवलं न्हाय?"

तात्यांनी आरी खाली ठेवली. घर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. काकींना वाटलं रागावले. मलाही वाटलं. घरी आल्यावर त्यांनी हातपायही धुतले नाहीत, सरळ शेडमध्ये गेले आणि दीड वर्षाचं काम पकडीनं उपटून काढलं.

आता सुकाणूला दोन बाजूंनी दोन कासरे आले. ढकलायचं नाही, फक्त ओढायचं. सुतळी लावून पाहिली, ती भिजून ताणली. मग बाजारात एक गोंधळी भेटला. त्याच्या तुणतुण्याची पोलादी तार तात्यांनी बोटानं ओढून पाहिली आणि तिच्या प्रेमात पडले. गोंधळी तार देईना. तात्यांनी तुणतुणं हलवलं, खुंटी ढिली निघाली. खुंटी घट्ट करून दिली आणि शिल्लक तारेचं एक वेटोळं मिळवलं.

इथं माझाही थोडा हात लागला. तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तार पक्की होती, पण वळताना एका बाजूची ताठ आणि दुसरी सैल पडत होती. मोटारीवरची आडवी पट्टी लहान होती आणि सुकाणूवरची मोठी. मी म्हणाले, "दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या करा. भोकं मधल्या खिळ्याच्या बरोबर रेषेत घ्या. मग समांतरभुज चौकोन होतो. तो कितीही कलला तरी त्याच्या बाजू बदलत नाहीत. आठवीला आहे."

"पुस्तकातलं पान्यात बुडतं, बाई," तात्या म्हणाले.

तीन दिवसांनी सकाळी मी वेणी घालत होते. दारात उभे राहिले. "तेवडा तुमचा चौकोन दावा," म्हणाले. मी पाटीवर काढून दाखवला. त्यांनी पाटीच उचलून नेली. ती मला कधीच परत मिळाली नाही.

सुकाणूच्या खांबाला पट्टी अडकवणारी पिन त्यांनी शेवटी केली. एक नाही, दोन. एक भोकात हातोडीनं ठोकावी लागे इतकी घट्ट. दुसरी तशीच, पण कानशीनं घासून झिजवलेली.

ज्या दिवशी सगळं जुळलं त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. घट्ट पिन बसवली होती. मोटारीकडची पट्टी एका हातानं धरून ठेवली आणि म्हणाले, "सुकाणू हलवा." काकींनी हलवून पाहिलं. मी पाहिलं. आईनं, तो म्हातारी शब्द अजून मनात असूनही, दोन बोटांनी पाहिलं. सुकाणू हललं नाही. केसभरही नाही.

आम्ही आनंदलो. तात्या मात्र बाकावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आता कुठंच लचक न्हाय," ते म्हणाले. "आता जावं लागनार."

गेले मात्र नाहीत. होडी लुगड्याखाली तशीच पडून राहिली. आज इंजिनाचं काम, उद्या ऊन, परवा अमावास्या. काकी एरवी त्यांना टोचून टोचून बेजार करत, या बाबतीत मात्र गप्प होत्या. एकदा मला म्हणाल्या, "होडी झाली, पन ह्यांचंच काळीज तयार व्हईना."

मग मार्गशीर्षात भिवाचा चुलता नरसिंहपूरहून आला. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस करायचे, अशी आपल्याकडची रीत. बारा वर्षं उलटून गेली होती. भावकी म्हणत होती, आता करून टाकू, पोराला गती मिळेल. आणि म्हातारी ऐकत नव्हती. "तुमी सांगा, तात्या," चुलता म्हणाला. "तुमी संगं व्हता. तुमचं ऐकंल ती. आमी सांगितलं की नुस्ती हसती."

तात्यांनी होडीकडं पाहिलं आणि म्हणाले, "संक्रांतीला येतो."

आम्ही तिघं गेलो. नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते तिथं घाट आहे. थंडीचे दिवस, पाणी निवळलेलं, पण संगमाची ओढ होतीच. म्हातारी पायरीवर बसली होती. ठेंगणी, काटकुळी, पाठ मात्र ताठ. काकींच्या हातातलं लुगडं पाहून तिचा चेहरा फुलला. "आलं का?" म्हणाली, आणि आमच्या खांद्यांवरून मागं रस्त्याकडं पाहिलं. मला वाटलं, अजून कोणी यायचं असेल.

पाण्यात उतरून तात्यांनी दोन धोंडे ठेवले, मधून होडी जेमतेम जाईल इतक्या अंतरावर. मग होडी तिच्यासमोर पायरीवर आणली.

"मावशे, हे आमचं जहाज. वर चाक असायचं, ती ही पेटी. हे खाली सुकाणू. मधी ह्या तारा. जहाजावर तारंच्या जागी लोखंडी दांडं व्हतं. ते समदं माज्या ताब्यात. तू हलवून बग, कुठं ढिलं हाय का."

म्हातारीनं सुकाणूला बोट लावलं. "घट हाय."

"आता बग."

होडी सोडली. बटण एकदा, मग दोनदा. ओढ असूनही होडी दोन धोंड्यांच्या मधून सुईत दोरा ओवावा तशी गेली, वळली आणि परत पायरीला आली. वर घाटावर दोन-चार माणसं जमली होती, ती वाहवा म्हणाली. सहा वर्षांच्या कष्टाचं ते एवढंसं कौतुक, तेही त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी घट्ट पिन ठोकून काढली आणि झिजलेली घातली.

"आता पुन्यांदा हलीव."

तिनं हलवलं. "सुतभर ढिलं हाय."

"त्या दिशी सकाळी असंच व्हतं. म्या बघितलं व्हतं."

होडी पुन्हा सोडली. तीच पेटी, तेच बटण, तेच पाणी. धोंड्यांजवळ आल्यावर त्यांनी बटण दाबलं. होडी वळली, पण जरा उशिरा. तिचं नाक डाव्या धोंड्यावर आपटलं, पत्रा चेपला, ती आडवी झाली आणि पोटात पाणी शिरलं.

तात्या गुडघाभर पाण्यात उभे होते. "भिवा हितं खाली व्हता," त्यांनी आडव्या होडीवर हात ठेवला. "पिन बदलायला घटकाभर लागली असती. म्या बदलली न्हाय. वारं नव्हं, लाट नव्हं, कप्तान नव्हं. मी."

म्हातारी होडीकडं बघत होती. मग तिनं विचारलं ते भलतंच होतं.

"पैल्या साली लुगडं घिऊन आलास, तवा म्या तुला काय इचारलं व्हतं?"

तात्यांनी वर पाहिलं. "कुनी धाडलं, आसं इचारलंस."

"आन तू काय बोललास?"

"काय बोललो न्हाय."

"न्हाय बोललास." ती म्हणाली. "मला वाटलं, त्योच धाडतूय. कायतरी चुकलंय पोराचं, तोंड दावाय लाजतूय, कुठंतरी हाय, आन तुज्या हातनं धाडतूय. दर साली लुगडं आलं, की म्हनायची, चला, अजून हाय. अकरा लुगडी हायती पेटीत. एक बी नेसले न्हाय. आला की त्याच्या म्होरं नेसायची म्हनून."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. सहा वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून होडीतली लचक शोधली होती, आणि हे आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नव्हतं. काकी खाली बसल्या. त्यांच्या मांडीवर बारावं लुगडं होतं. ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना.

तात्या पाण्यातून बाहेर आले नाहीत. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ज्या हातांना केसभर फट कळायची, ते हात नुसते लोंबत होते. "मावशे," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

म्हातारी उठली. मला वाटलं, आता शिव्या देईल, शाप देईल. दिले असते तर तिचा हक्क होता. ती दोन पायऱ्या उतरली, पाण्यात पाऊल घातलं आणि तात्यांचं मनगट धरलं.

"भाईर ये. गारठशील." मग म्हणाली, "भावकीला सांग, भटजीला बोलवा म्हनावं. दर्भाचा तर दर्भाचा. करा. पन पिंड तू ठिवायचा."

"मी? मावशे, माज्यामुळं त्यो..."

"मग दुसरं कोन ठिवनार? तुज्यासंगं गेला व्हता. तूच त्याला घरला आण."

काकी आणि मी दुसऱ्या दिवशी परतलो. तात्या मागं राहिले.

ते आले अकरा-बारा दिवसांनी. मी शाळेतून येत होते. मोटारस्टँडपाशी ते एसटीतून उतरले, हातात होडी नेलेलं खोकं, आता रिकामं. डोकं गुळगुळीत, मिशाही नव्हत्या. इतका ओळखीचा चेहरा मला एकदम परका आणि तरुण वाटला. स्टँडवरचा हॉटेलवाला, ज्याच्या सगळ्या खुर्च्या त्यांनी कधी ना कधी हलवल्या होत्या, हातातली किटली ठेवून धावत पुढं आला.

"तात्या, आवो, कोन गेलं घरातलं?"

"भाऊ," तात्या म्हणाले.

"आरारा! कवा?"

"तेरा वर्सं झाली. सांगायचं ऱ्हायलं व्हतं."